चार नंबरच्या पायावरचा डाग

पोर्ट सईद
रविवार, २२ सप्टेंबर १९९६

प्रिय फातेन,

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. तू विचारलं होतंस, 'चार नंबरवर आमच्या मेंढ्याच्या रक्ताची खूण अजून आहे का गं?' आणि मी लिहिलं, 'आहे की, पायावर चांगला ओघळ आलाय, रोज येता-जाता बघते.' ओघळ आहे, ते खरं. तो रक्ताचाच, हे मी न तपासता लिहिलं. रोज बघते, हेही खरं नाही. त्या पायाजवळून जाताना मी दुसरीकडे बघते.

तुला क्रेनचं सांगायला लागले की तू जांभया देतेस, तरी एवढं वाच. चार नंबरची क्रेन आमच्या गोदीच्या काठाला रुळांवर उभी असते. वर केबिन, केबिनपुढे लांब हात, हाताला लटकलेलं ओझं. या सगळ्याचा भार तिच्या चार पायांतून चाकांवर उतरतो, आणि पाय चाकांच्या पेटीला जिथे वेल्ड केलेला असतो तिथे तो सगळ्यात जास्त जाणवतो. मे महिन्यात तिला नवी केबिन बसली, तुझ्या हमदीला तिचा चालक नेमलं, आणि नवं यंत्र मिळालं की सगळेच करतात तसं त्याने मेंढा कापला. फाटकाकडच्या पायाशीच कापला. तू दमिएत्ताहून निळा ड्रेस घालून आली होतीस. तुम्ही दोघांनी रक्तात हात बुडवलेत तेव्हा मी गर्दीच्या मागे होते. डोकं दुखतंय असं सांगून मी लगेच निघाले, म्हणून पंजे कुठे उठवलेत ते मला दिसलं नाही.

जूनमध्ये वर्षाची तपासणी माझ्याकडे होती. दोर बोटांत धरून वीत-वीत पाहिला. आकडा, ब्रेक, चाकं, तीन पाय पाहिले. चौथ्या पायाच्या वेल्डपाशी तो तपकिरी डाग होता. बरोबरचे लोक म्हणाले, "हमदीचा मेंढा!" सगळे हसले, मीही हसले आणि पुढे गेले. एरवी वेल्डजवळ डाग दिसला तर मी तो पुसते, भिंग लावते. हा पुसला नाही. जवळ गेले असते तर तुमचे पंजे दिसले असते.

गेल्या आठवड्यात तो डाग जूनपेक्षा लांब वाटला. जुनं रक्त लांबत नाही. गंज लांबतो. गंज आतून येत असेल तर रंगाखाली चीर आहे.

म्हणून विचारते, पंजे कुठे उठवलेत? त्याच पायावर का? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो, आणि हमदीला विचारलं तर तो नुसता हसतो.

पत्र मुतवल्लीकाकांच्या मायक्रोबसमधून पाठवते. वाण्याकडे फोन करणार होते, पण तुमच्या गल्लीत सगळे तो ऐकतात. काकूंना सलाम.

तुझी
राविया

•

दमिएत्ता
बुधवार, २५ सप्टेंबर

इंजिनिअरबाईंना सलाम,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आई म्हणाली, काय गं, सगळं बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे, आपल्या रावियाला आमचा मेंढा आठवला.

पंजे कुठे उठवले ते हवंय ना तुला? त्याच पायावर! फाटकाकडच्या! येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसावे म्हणून. आणखी काय हवं? त्याने माझं मनगट कसं धरलं, तेही लिहू? लिहिते. रेडिओवर गाणं चालू होतं, वाऱ्याने दार सारखं आपटत होतं, त्याने पायाने दार अडवलं आणि माझा हात आपल्या हातात घेऊन दाबला. रक्त गरम होतं. मी ओरडले. तो म्हणाला, "बाई, मासे साफ करतेस तेव्हा नाही ओरडत!" झालं समाधान?

ते पंजे दृष्ट लागू नये म्हणून असतात. कुणाची, ते मला आता कळलं.

रागावू नकोस. नाही, रागाव. मला माहीत आहे, तुम्ही दोघं रोज सकाळी एकाच फेरीबोटीने पलीकडे जाता. तो सिमीतचा पाव घेतो, अर्धा तुला देतो. त्यानेच सांगितलं, भोळा आहे तो. जेवताना सुद्धा 'राविया म्हणाली दोराचं असं असतं, राविया म्हणाली ब्रेकचं तसं असतं.' मी म्हटलं, मग तिच्याशीच दोराबद्दल बोलत बस जन्मभर. तो हसला. तुझं आणि त्याचं एक बरं जमतं, काही विचारलं की तो हसतो आणि तू डोकं दुखतंय म्हणतेस.

एकतीस ऑक्टोबर, गुरुवार, लग्न. लाकडाचं सगळं सामान तयार झालंय, बाबांनी स्वतः पॉलिश केलंय. त्या क्रेनला काही करू नकोस. तुझ्या आवारात क्रेन बंद झाली की चालकाला सुवेझला पाठवतात, हे मलाही कळतं. मी शाळेत तुझ्याएवढी गेले नसेन, पण सुवेझ कुठे आहे ते मला माहीत आहे.

मशब्बक मिठाईचा डबा पाठवलाय. काकाला, तुझ्या बाबांना दे, तू एकटी खाऊ नकोस.

फातेन

•

पोर्ट सईद
सोमवार, ३० सप्टेंबर

प्रिय फातेन,

डबा मिळाला. बाबांनी दोन दिवसांत संपवला. सध्या ते बाल्कनीत बसून येणारी-जाणारी जहाजं बघतात आणि प्रत्येकाचं वजन अंदाजाने सांगतात. जन्मभर आकड्याला साखळ्या अडकवल्या, आता वजनाशिवाय त्यांना काही दिसत नाही.

तुझं पत्र वाचून मला आधी बरं वाटलं होतं. पंजे त्याच पायावर असतील, तर डाग रक्ताचा असू शकतो, मीच उगाच घाबरले. मग दुसऱ्यांदा वाचलं. फातेन, क्रेनच्या पायाला दार नसतं.

दार केबिनला असतं. रेडिओही केबिनमध्येच असतो. शनिवारी हमदी चहाला खाली आला तेव्हा मी वर गेले. त्याच्या खुर्चीमागे भिंतीला जाकीट टांगलेलं होतं. बाजूला केलं. दोन पंजे होते, एक मोठा, एक लहान, लहान पंज्याची करंगळी मोठ्याच्या अंगठ्यावर आलेली. काळे पडलेत आता. मी किती वेळ तिथे उभी होते ते सांगत नाही. खालून दुसऱ्या क्रेनच्या रगब उस्तादने हाक मारली, "पोरी, वर झोपलीस का?" तेव्हा उतरले.

तू खोटं का लिहिलंस ते मला कळलं. मला राग आला नाही. तुझ्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

मग मी पायाशी गेले. रॉकेलच्या फडक्याने डाग पुसला, पूर्ण निघाला. काल, रविवारी, दमट हवा होती. आज सकाळी तो परत आला होता, बारीक, वेल्डच्या कडेने, अगदी सुईने रेघ ओढावी तसा. म्हणजे गंज आहे, आणि रंगाखालून येतो आहे.

फिक्रीसाहेबांकडे गेले. आमचे मुख्य इंजिनिअर, तुला माहीत आहेत, मिशा रंगवतात ते. म्हटलं, क्रेन एक दिवस थांबवा, रंग खरवडू द्या. लाल द्रव लावून पुसला की तो चिरेत राहतो, मग पांढरी पावडर मारली की रेघ वर येते. एका दिवसाचं काम आहे. ते म्हणाले, "अगं, या गावात गंज कुठे नाही? माझ्या बायकोलाही लागलाय. जूनमध्ये तूच ही क्रेन पास केलीस ना?" मी म्हटलं, हो, तेव्हा मी तो पाय नीट पाहिला नाही. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "हे परत कुणासमोर म्हणू नकोस. जहाज गेल्यावर बघू." खूप भांडल्यावर एवढं कबूल केलं, की तोवर चार नंबरवर हलकीच ओझी उचलायची.

आता तुला जे वाटतं ते मीच लिहिते, म्हणजे तुला लिहावं लागणार नाही. मला हमदी आवडत होता. मीच तुला माझ्या भावाच्या लग्नात त्याच्याशेजारी बसवलं, कारण तुझ्याजवळची खुर्ची रिकामी होती आणि मला वाटलं होतं मी तिसऱ्या खुर्चीवर येऊन बसेन. मी ताटं वाढायला गेले आणि परत आले तेव्हा तुम्ही दोघं इतकं हसत होतात की मी तिसरी खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला नेऊन ठेवली. त्या दिवसापासून तुझं प्रत्येक पत्र मी दार लावून उघडते. तुझ्या पत्रातलं 'हमदी म्हणाला' मी बोटाने झाकून वाचते. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून मी स्वतःला विचारून पाहिलं. चार नंबरवर रगब उस्ताद बसत असता तर मी ती थांबवली असती का? उत्तर लगेच आलं, जूनमध्येच थांबवली असती. मत्सराने मी आज क्रेन थांबवत नाहीये. मत्सराने मी जूनमध्ये ती सोडून दिली.

हमदीला सांगितलं. तो म्हणाला, "राविया, तू सुद्धा? फातेन म्हणालीच होती तू असं करशील." आणि तो दुसऱ्या बोटीने घरी गेला.

राविया

•

दमिएत्ता
शनिवार, ५ ऑक्टोबर

राविया,

तुझं पत्र मी फाडलं. मग चिकटवलं, कारण आईने विचारलं असतं कसले तुकडे. चिकटवताना परत वाचावं लागलं. हा तुझाच डाव असणार!

खुर्चीचं मला माहीत होतं. तू काय समजलीस? तू ताटं वाढत होतीस आणि सारखी मागे वळून बघत होतीस, डाळीचा डाव एका म्हाताऱ्याच्या मांडीवर सांडलास. मी बघितलं. मी मुद्दाम जास्त हसले. झालं? आता तूही माझ्याबद्दल एक गोष्ट जाणतेस.

पण तू जे गमावलंस ते तुला वाटतं तितकं नाही. तुला ऑफिस आहे, पिवळी टोपी आहे, मोठ्या मिशांची माणसं तुझ्याशी भांडतात. माझ्याशी कोण भांडतं? मला सगळे म्हणतात, 'बस गं, तुला काय कळतं.' तो सुद्धा म्हणतो, हसत म्हणतो. तुला कधी म्हणतो का? सांग. मी त्या क्रेनवर आयुष्यात एकदा चढले, सँडल हातात घेऊन. आणि तू रोज चढतेस. आणि आता तू माझा पंजा पण बघून आलीस. माझ्याजवळ तुझं काय आहे बघायला?

तर ऐक. मी हमदीला सांगितलं, तो डाग झाक. ती रोज त्याच्याकडे बघते, बघून बघून तिथे खरंच भोक पडेल. तो आधी नको म्हणाला. मग काल शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वॉचमनला सांगून आत गेला आणि सगळा पाय रंगवून टाकला. माझ्यासाठी! आता नाही डाग. आता तुला तपासायला काही नाही.

उद्या सहा ऑक्टोबरची सुट्टी आहे, आम्ही सगळे रास अल-बर्‍रला समुद्रावर जाणार आहोत. हमदी पण येणार आहे.

फातेन

•

पोर्ट सईद
मंगळवार, ८ ऑक्टोबर

फातेन,

क्रेन राखाडी आहे. त्याने पाय हिरवा रंगवलाय. गोदामात तेवढाच रंग असेल. शनिवारी सगळं आवार येऊन बघून गेलं. कुणी म्हणालं, चार नंबरला मोजा घातलाय. कुणी म्हणालं, लग्न जवळ आलं की माणूस यंत्रालाही मेंदी लावतो. मीही हसले. मग ऑफिसात येऊन दार लावून बसले, आणि पहिल्यांदाच वाटलं की मला आता नोकरी नको, बाबांबरोबर बाल्कनीत बसावं.

तू लिहिलंस, 'माझ्यासाठी'. हो, तुझ्यासाठीच. माझ्यासाठी कुणी काही रंगवलेलं नाही. हे वाक्य मी खोडणार होते, पण राहू दे.

आता नीट वाच. जाड रंगामुळे गंज बाहेर यायला वेळ लागेल. चीर तेवढीच राहील किंवा वाढेल, फक्त मला दिसणार नाही. गोदीत जे जहाज आहे त्याचं सुकाणू काढून दुरुस्त झालंय. ते परत बसवायचं आहे. चार नंबर जेवढं उचलू शकते जवळजवळ तेवढंच ते भरतं. फिक्रीसाहेबांनी रविवार, वीस ऑक्टोबर ठरवलाय. हमदी ते जमिनीवरून उचलेल आणि फाटकाच्या बाजूने फिरवून जहाजाकडे नेईल. फिरवताना काही वेळ सगळा भार त्याच एका पायावर येणार आहे. पाय सुटला तर क्रेन आडवी होते. केबिन गोदीच्या कोरड्या खड्ड्यात, दगडावर. मी असं एकदा पाहिलंय, शिकत असताना, दुसऱ्या गावी. चालकाचं नाव मला अजून आठवतं.

माझी चूक असू शकते. रंग नुसता भेगाळलेला असेल. मला तसं असायला हवंय, कारण मग सगळे माझ्यावर हसतील आणि तुझं लग्न होईल. मी रोज रात्री दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्ही बाजूंना मला माझाच स्वार्थ दिसतो. थांबवलं तर लग्न लांबतं, यात माझ्या मनात कुठेतरी गुदगुल्या होतात, ते मी नाकारत नाही. नाही थांबवलं तर माझी जूनची सही खरी ठरते.

म्हणून तुझ्याकडे एक मागते. हमदी मला काही सांगणार नाही. तू त्याला विचार, ओझं फिरवताना क्रेन आवाज करते का? कोणता? कुठून? एवढंच विचार. माझं नाव घेऊ नकोस.

राविया

•

दमिएत्ता
मंगळवार, १५ ऑक्टोबर

राविया,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिणारच नव्हते.

शुक्रवारी हमदी आला. आईने बदक भाजलं होतं. तो जेवला, बाबांनी पलंग दाखवला, त्याने गादीवर बसून दोनदा उडी मारून बघितली, सगळे हसले, मी आत पळाले. नंतर आम्ही नदीच्या काठाला बसलो. माझा लहान भाऊ पाळतीला पाठवलेला होता, त्याला आम्ही भुईमुगाच्या शेंगा देऊन लांब बसवलं.

मी विचारलं. तू सांगितलंस तसंच, पाठ करून, 'ओझं फिरवताना क्रेन आवाज करते का?' तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, मला काय कळतं, असंच. तो हसला नाही. राविया, तो पहिल्यांदा हसला नाही.

मग म्हणाला, करते. फाटकाकडे फिरवताना खालून टक्‌ असा आवाज येतो, कुणी बोटं मोडावीत तसा. रिकामी असताना येत नाही. उन्हाळ्यापासून येतो. आधी कधीतरी यायचा, आता प्रत्येक फेरीला येतो. मी म्हटलं, मग तू काय करतोस? म्हणाला, "रेडिओ मोठा करतो."

मी त्याला मारलं. खरंच मारलं, पिशवीने. माझा भाऊ शेंगा टाकून धावत आला. मी म्हटलं, कुणाला सांगितलंस का? म्हणाला, सांगितलं की सुवेझ. तिथे तीन माणसं एका खोलीत राहतात, तिथे मी तुला नेणार आहे का? तारीख ठरलीये, कार्डं वाटलीयेत. हे एक जहाज गेलं की मीच सांगतो. "आणि तुझ्या बहिणीला काही बोललीस तर बघ."

तर मी बोलले. बघू काय बघतो ते.

आता माझंही ऐक. तो प्रश्न मला सुचलाच नसता. मी त्याला विचारते जेवलास का, कपडे कोण धुतं, बोटीत तुझ्या शेजारी कोण बसलं होतं. यंत्राचा आवाज विचारावा हे माझ्या डोक्यात आलं नसतं. तुझ्या आलं. याचा मला इतका राग आलाय की चार दिवस लिहू शकले नाही. माझा माणूस, आणि त्याला काय विचारायचं ते तुला माहीत!

थांबव ती क्रेन. मी सांगितलं हे त्याला सांगायचं असेल तर सांग. थांबवलीस की त्याला सुवेझला पाठवेपर्यंत तो दिवसभर रिकामा त्या आवारात, तुझ्या ऑफिसाच्या दारात चहा पीत बसणार, तेही मला माहीत आहे. बसू दे. पण खिडकी लावून घे.

आईला अजून सांगितलेलं नाही. कार्डांचं काय करायचं, कुणास ठाऊक.

फातेन

•

पोर्ट सईद
गुरुवार, १७ ऑक्टोबर

प्रिय फातेन,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. ते मी उभ्यानेच वाचलं, मुतवल्लीकाकांच्या मायक्रोबसच्या दारात, आणि ते म्हणाले, "मुली, कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही काका, अजून नाही.

आज सकाळी फिक्रीसाहेबांना आवाजाचं सांगितलं. कुणाकडून कळलं ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "परवापर्यंत नव्हता, आज आवाज पण आला. उद्या ती तुझ्याशी बोलेल." मग दार लावून हळू आवाजात, "लोक काय म्हणतायत तुला माहीत आहे ना? चुलतबहिणीचा होणारा नवरा... तू शिकलेली मुलगी आहेस, स्वतःचं हसं करून घेऊ नकोस." मी म्हटलं, ते म्हणतायत त्यातलं अर्धं खरं आहे साहेब, म्हणूनच मला जास्त काळजी घ्यावी लागतेय.  रविवारचं काम होणार, एवढं ते म्हणाले.

त्यांची परवानगी हवी होती ती रंग खरवडायला. क्रेन बंद केल्याची लाल पाटी लावायला कुणाची लागत नाही, ती तपासनीसाच्या हातात असते. एकदा लावली की ज्याने ती काढली त्याच्यावर सरकारी खटला होतो, म्हणून कुणी काढत नाही. मी अजून एकदाही लावलेली नाही, नुसत्या डागावर धीर झाला नाही. आधी वाटायचं, पहिली पाटी लावेन तेव्हा मला अभिमान वाटेल.

पाटीबरोबर कारण लिहावं लागतं. मी लिहिणार आहे की जूनमध्ये फाटकाकडचा पाय मी तपासला नाही आणि तरी सही केली. का तपासला नाही, असं विचारलं तर तेही सांगेन. बाबांना काल रात्री सांगितलं.  आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, माझ्या नोकरीची बातमी त्यांनी मिठाईसारखी सगळ्या गल्लीत वाटली होती. ते म्हणाले, "साखळी चुकीची अडकली असं कळलं की हात वर करायचा असतो. ओझं कुणाचं आहे ते विचारायचं नसतं." मग चहा मागितला.

तुझं नाव मी हमदीला सांगणार नाही. तो माझ्यावर रागावू दे, तेवढं तरी माझं असू दे. पण तू त्याला स्वतः सांगशील, मला माहीत आहे, आणि तो चार दिवस रुसेल आणि पाचव्या दिवशी तुला म्हणेल, माझा जीव वाचवलास. ते तो तुला म्हणेल. सुवेझला गेला तर तिथून तुला पत्रं लिहील, तीन माणसांच्या खोलीत गुडघ्यावर कागद ठेवून, आणि तू ती आईपासून लपवशील. मला त्याच्याकडून आजवर एकच चिठ्ठी आली आहे, ब्रेकचं तेल संपल्याची. तुझ्या त्या न आलेल्या पत्रांचाही मला आत्ताच हेवा वाटतो. हा हेवा जाणार नाही असं दिसतं. असू दे. आता मला तो घेऊनही काम करता येतं.

खिडकी लावून घेईन.

लग्नाची कार्डं फेकू नका. तारखेवर दुसरी चिकटवता येते, तुझ्या बाबांकडे चांगला सरस आहे.

उद्या शुक्रवार, आवार बंद असतं. परवा, शनिवारी, १९ ऑक्टोबरला, सकाळच्या भोंग्याआधी मी चार नंबरला लाल पाटी लावते आहे.

राविया